पिवळ्या जोड्यांची मालकीण

तुम्हाला पटो न पटो, ही गोष्ट खरी आहे. मी ती कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही. माझ्या घरात घडली, माझ्याबरोबर घडली, आणि ज्याच्यामुळे घडली तो माझा सख्खा भाऊ आहे. त्याला विचाराल तर तो हसून दुसरंच काहीतरी सांगेल. तो फार छान सांगतो.

जागा पेरा, तुर्की सुलतानाच्या राजधानीतली आम्हा ख्रिस्ती लोकांची वस्ती. तोफानेच्या उतारावरचं आमचं लाकडी घर.

दिवस वार्तावारच्या सणानंतरचा. आदल्या दिवशी अख्ख्या गल्लीनं एकमेकांवर बादल्या ओतल्या होत्या, आणि दारापुढचे दगड अजून ओले होते.

आणि वेळ… भर दुपारची.

रात्र असती तर मी स्वतःची समजूत घातली असती. झोपेत होते, दिवा मंद होता, काहीतरी. पण खिडकीतून समुद्र लखलखत होता. त्या उजेडात सुई पडली असती तरी दिसली असती.

माझं नाव येरानुही. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो, मी आणि थोरला भाऊ झेनोप. दादा एका वकिलातीत दुभाष्या. जितक्या भाषा येतात तितक्या भाषांत गोड बोलणारा. मेल्कोन नावाच्या सोनाराशी माझं लग्न ठरलं होतं. मुलगा भला होता, पण सासूबाई म्हणजे आग. चर्चमध्ये माझी ओढणी जरा सरकली तरी त्या तिथून खाकरायच्या.

त्या दुपारी दादा काखेत गाठोडं मारून आला.

"येरान, एक काम आहे. आधी हो म्हण, मग सांगतो."

"म्हणजे काहीतरी भानगड आहे."

"भानगड कसली? एक फिरंगी चित्रकार आलाय. शहरातली माणसं काढतो. पाणके झाले, पाववाले झाले, शिपाई झाले. एक तुर्क बाई राहिलीय फक्त. आता तुर्क बाई त्याच्यासमोर कोण बसणार?"

"मग मी बसू?"

"सगळे तेच करतात गं! फिरंग्यांच्या पुस्तकांत त्या ज्या बड्या घरच्या तुर्क बायका असतात ना, त्यातली एक आपल्या दहीवाल्याची मेहुणी आहे. तिकडे पॅरिसात लोक तिच्याकडे बघून उसासे टाकतात."

मला हसू आलं. तिथंच फसले.

तरी मी एक गोष्ट बजावून सांगितली. माझा चेहरा दिसता कामा नये. आमच्यातली मुलगी तुर्क बाईच्या वेषात छापून आली, आणि ते चित्र फिरत फिरत सासूबाईंच्या हाती पडलं, की लग्न मोडलंच म्हणून समजा. आणि मोडलेल्या लग्नाच्या मुलीकडे पेऱ्यात कोणी ढुंकून बघत नाही.

"डोळ्यांखाली मलमल बांध," दादा म्हणाला. "नाकसुद्धा दिसणार नाही. आईची शपथ."

गाठोड्यात एक झगा होता, मलमलीचे तुकडे होते, आणि पिवळे जोडे.

पिवळे जोडे बघून मी हात मागे घेतला. पिवळे जोडे तुर्क बायकांचे. आम्हा अर्मेनियन बायकांचे तांबडे. आमच्यापैकी कोणी पिवळे घालून रस्त्यात दिसलं तर शिपाई भर चौकात पायातून काढून घेतात.

"हे कुठून आणलेस?"

"जुन्या बाजारातून."

त्याची पापणीही हलली नाही.

मी जोडे घातले.

गार होते…

बाहेर उन्हाळा नुसता रटरटत होता, आणि आत जोडे विहिरीतल्या दगडासारखे गार. कातडं मऊ. बोटांच्या जागी खळगे पडलेले. कोणाचा तरी पाय त्यात पुष्कळ दिवस राहिला होता. टाचेशी चांदीच्या दोऱ्यानं डाळिंबाचं फूल भरलेलं होतं.

फिरंगी वरच्या खोलीत आला. लालबुंद, घामेजलेला, पण अदबीचा. मला खिडकीजवळ बसवलं. हातात कॉफीचा पेला दिला. दादा दाराशी उभा राहिला.

बराच वेळ कागदावर शिशाची खरखर तेवढी ऐकू येत होती.

मग ती थांबली.

फिरंगी माझ्याकडे बघत नव्हता… माझ्या डावीकडे बघत होता.

मी मान वळवली. भिंतीला लागून आमची बैठक. तिच्यावर गादी, उशा. कोणी नाही.

फिरंगी त्या रिकाम्या बैठकीकडे बघून किंचित वाकला. आपण परक्या बाईला पाहून वाकतो तसा.

मग दादाकडे वळून आपल्या भाषेत काहीतरी विचारलं.

दादानं बैठकीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर पुसलं गेलं. आणि मग तो काहीतरी उत्तरला. दोन-चार शब्द, बस.

फिरंगी खूश झाला. खरखर पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जोरात.

"काय म्हणाला रे?" मी मलमलीखालून विचारलं.

"काही नाही. उजेड छान आहे म्हणाला."

जाताना दादानं झगा परत नेला. जोडे मात्र माझ्याकडेच ठेवले. फिरंगी पुन्हा बोलावेल म्हणाला. मी ते पेटीत, अंथरुणांच्या तळाशी लपवले.

फिरंगी पुन्हा आलाच नाही. त्याचं जहाज निघून गेलं.

पण दुसऱ्या दिवसापासून…

दुपारची मी खाली भाजी चिरत बसले की वर कोणीतरी चालायचं. अगदी हळू. लाकडी घरात चपलेचा आवाज वेगळा, अनवाणी पायाचा वेगळा. हा अनवाणी होता.

वर जावं तर कोणी नाही.

पेटी बंद. आणि जोडे बैठकीपाशी, एकाला एक लावून ठेवलेले.

बैठकीवरची उशी मध्यभागी दबलेली…

तुम्हाला वाटेल मी किंचाळले असेन. नाही. मला वाटलं, आई आली.

खरंच वाटलं. लग्नाच्या तोंडावर मुलीला आईची आठवण येते, तशी आईलाही येत असेल. आईला दुपारी तिथंच बसायची सवय होती. मी कॉफी करून वर न्यायला लागले. दोन पेले. एक माझा, एक तिच्यासमोर. सासूबाईंच्या कागाळ्या सांगायचे. मेल्कोननं अंगठी केली ती दाखवली. पेला संपलेला नसायचा, पण खोलीत कोणीतरी ऐकतंय हे कळतं माणसाला. मला फार बरं वाटायचं.

लग्न झालं. मी सासरी आले तेव्हा ती पेटी बरोबर आणली, जोडे तिच्यातच होते. चालण्याचा आवाजही बरोबर आला. इथंही वरच्या खोलीत, इथंही दुपारचा.

मी मनात म्हटलं, आई पोचवायला आली, आता राहील.

वर्ष उलटल्यावर एका हिवाळी दुपारी दादा धापा टाकत आला. हातात कागदाची गुंडाळी.

"बघ! छापून आलं! वकिलातीत सगळे डोळे फाडून बघतायत!"

मी त्याला दारातच अडवलं. "माझा चेहरा?"

"उघडून बघ की. शब्द दिला होता ना मी?" गुंडाळी माझ्या हातात कोंबून तो मेल्कोनच्या दुकानाकडे गेलासुद्धा.

वर जाऊन मी शेगडीजवळ कागद उलगडला.

खिडकीजवळ मी. झगा, कॉफीचा पेला, पिवळे जोडे. तोंडावर मलमल. नुसते डोळे, तेही खाली वळलेले. सासूबाईंनी भिंग लावलं असतं तरी ओळखलं नसतं. मी सुटकेचा श्वास सोडला.

आणि मग डावीकडे नजर गेली.

बैठकीवर एक बाई बसली होती…

पोक्त. देखणी. केस मोकळे, घरात असतात तसे. चेहरा पूर्ण उघडा. माझ्याकडे मायेनं बघत होती. फिरंग्याकडे तिचं लक्षच नव्हतं. खोलीत कोणी पुरुष आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

ती माझी आई नव्हती.

तेवढ्यात खाली हाक आली. "दुदू, आहेस का घरात? रेशीम आणलंय!"

ती जोया; अर्मेनियन बायकांना ती दुदू म्हणते. आमच्याकडे गाठोडं घेऊन येणारी ज्यू म्हातारी. कापड विकते, भरतकाम करते. तुर्कांच्या जनान्यात तिला मुक्त वाट, कुठल्या घरात काय शिजतं ते सगळं ठाऊक. ती तडक वर आली आणि माझ्या खांद्यावरून डोकावली.

"हात् मेल्यांनो! या फिरंग्यांना काडीची अक्कल नाही. मालकीण अनवाणी बसलीय आणि जोडे मोलकरणीच्या पायात! असं कुठं…"

तिचं बोलणं तुटलं.

तिनं कागद ओढून घेतला. खिडकीत नेला.

"ही… ही नेवरेस हानिम आहे."

"कोण?"

"पलीकडच्या किनाऱ्यावरची, उस्कुदारची बडी तुर्क बाई. तुझ्या लग्नाच्या आदल्या उन्हाळ्यात तापानं गेली. अगं, तिचा चेहरा परक्या माणसानं कधी पाहिला नव्हता! आजारात हकीम आला तर पडद्याआडून हात दिला, तोही मनगटापर्यंत मलमल गुंडाळून. मरू दे म्हणाली, पण तोंड उघडणार नाही. आणि हिचं चित्र…? कोणी काढलं? कधी?"

मी पेटी उघडून जोडे दाखवले.

जोयानं टाचेवरचं डाळिंबाचं फूल बघितलं आणि त्यावरून बोट फिरवलं.

"हे मी भरलंय. आणि मीच हे तिच्या उंबऱ्याबाहेर ठेवले होते. ती गेली त्या दिवशी."

मेलेल्या माणसाचे जोडे दाराबाहेर ठेवायची त्यांच्यात रीत आहे. जो गरीब आधी येईल त्यानं न्यावेत, घालावेत, मेलेल्यासाठी दोन शब्द दुव्याचे म्हणावेत. इथं हे लहान पोरालाही ठाऊक असतं. आमच्यातलं कोणी त्यांना हात लावत नाही.

"गरीब नेईल म्हणून ठेवले होते," जोया म्हणाली. "कोणी नेले?"

मला ठाऊक होतं कोणी नेले. त्या क्षणी कळलं.

आणि आणखी एक कळलं. ती आपल्या जोड्यांमागून आमच्या घरी आली. तिला खोलीत एक बाई दिसली, आपल्यासारखी, अंगावर झगा, पायात आपलेच जोडे. बाईमाणूस आहे म्हणून ती निश्चिंत बसली. तोंड उघडं टाकून. माझ्या भरवशावर…

आमच्या मागे उशी सरकल्याचा आवाज आला.

मग कोणीतरी श्वास आत ओढला. लांब, अडकत अडकत. आपलाच चेहरा नको तिथं दिसल्यावर बाई ओढेल तसा.

जोया गाठोडं तिथंच टाकून जिना उतरली.

त्या दिवसानंतर कॉफी नाही की सोबत नाही. दुपार झाली की भिंतीच्या बाजूनं दबका हुंदका यायचा. उशी असायची, पण बैठकीच्या पार कोपऱ्यात, भिंतीला खेटलेली. मी कितीदा म्हटलं, हानिम, बाईसाहेब, मला माहीत नव्हतं. हुंदका थांबायचा. मग पुन्हा सुरू.

तिला कसं पटणार? जोडे माझ्या पायात होते.

मार्ग जोयानंच सांगितला. रस्त्यातूनच, घरात पाऊल न टाकता. "त्यांच्यात माणूस निरोप घेताना म्हणतो, माझ्यावरचा तुझा हक्क माफ कर. ज्यानं जोडे उचलले त्यानं तिच्यासमोर उभं राहून तेवढं म्हणावं. स्वतःच्या तोंडानं. तू म्हणून उपयोग नाही."

मी दादाला बोलावून घेतलं.

आधी तो हसला. मग चित्र पुढं ठेवलं तेव्हा हसणं आटलं.

"फिरंग्यानं त्या दिवशी तुला काय विचारलं होतं?"

"येरान, झालं ते झालं…"

"काय विचारलं होतं?"

तो नखं बघायला लागला. "विचारलं, ही बैठकीवरची बाई कोण? हिचं तोंड उघडं आहे. हिला काढलेलं चालेल का?"

"तुला ती दिसत होती?"

"छे! मला रिकामी बैठक दिसत होती. मला वाटलं, उन्हानं त्याचं डोकं फिरलंय."

"मग तू काय उत्तर दिलंस?"

"म्हटलं… काढा. हिची मालकीण आहे. तिची काही हरकत नाही."

तिची काही हरकत नाही! जी बाई मरणाच्या दारात हकिमाला तोंड दाखवायला तयार नव्हती, तिच्या वतीनं माझा भाऊ परस्पर हो म्हणून मोकळा झाला. का? तर फिरंगी खूश व्हावा. पुढं त्याच्याच शिफारशीवर दादा वकिलातीत वर चढला, हेही त्याच दिवशी त्याच्या तोंडून निघालं.

"आणि जोडे?"

"दारात पडलेच होते गं. कोणीतरी नेलेच असते."

"आईची शपथ घेतली होतीस तू."

"चेहरा दिसणार नाही याची घेतली होती. नाही दिसला तुझा!"

असा माझा भाऊ. मी त्याचं मनगट धरलं आणि वर नेलं. म्हटलं, चार शब्द म्हण आणि जा. मला या घरात जगायचंय.

तो खोलीच्या मध्यभागी उभा राहिला. मी दाराशी. शेगडी चांगली फुललेली होती.

"कुणाला म्हणू? भिंतीला?" तो कुजबुजला.

"म्हण."

दादानं घसा साफ केला. "हानिम," तो तुर्कीत म्हणाला, आणि त्याच्या ओठांवर ते वकिलातीतलं गोड हसू आलं. "माझ्यावरचा…"

शेगडीतले निखारे काळवंडले. कोणी फुंकर मारली नाही, पाणी टाकलं नाही. नुसते काळे पडले.

कोपऱ्यातली उशी फुगून वर आली. तिच्यावरून कोणीतरी उठलं होतं…

पाऊल वाजलं. अनवाणी.

मग दुसरं. फळ्या एकेक करून दबत होत्या. बैठकीकडून दादाकडे.

त्याच्यासमोर येऊन थांबल्या.

दादाच्या कपाळावरचे केस हलले. अगदी समोरून कोणीतरी श्वास सोडल्यासारखे.

"बोल ना," मी म्हटलं. "दादा, बोल. तेवढंच म्हण."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही. वाट शोधणाऱ्या माणसाची नजर. आणि त्याला वाट सापडली.

"हानिम, मी नाही!" तो ओरडला. "हिनंच मागवले जोडे! लग्नाआधी एकदा पिवळे घालून मिरवायचं होतं हिला. चित्र काढा, हिनंच सांगितलं. तुम्ही येता हे हिला माहीत होतं. मी नुसता दुभाष्या! हिचं बोलणं त्याला सांगितलं, बस!"

किती सफाईनं बोलला. एक शब्द अडखळला नाही. मला स्वतःला क्षणभर खरं वाटलं.

"दादा…" मी म्हटलं.

तो मला ढकलून जिन्यावरून खाली पळाला. बाहेरचं दार आपटलं.

वर मी एकटीच…

मग फळी दबली.

पावलं वळली होती. माझ्याकडे.

माझ्यासमोर येऊन थांबली. गार हवा तोंडावर आली. मी डोळे मिटून घेतले. हात लागला नाही, शब्द नाही. नुसती कोणीतरी माझ्याकडे बघत उभी होती. बराच वेळ. मी रडत रडत सांगत होते, तो खोटं बोलतो हो, मला माहीत नव्हतं. पण गोड बोलायची कला आमच्या घरात त्याच्याच वाट्याला आली.

जोयानं नंतर धीर करून जोडे नेले, एय्यूबच्या मशिदीबाहेर एका गरीब बाईला दिले, दुवा म्हणायला लावला. चित्र मी शेगडीत घातलं. पण तशी चित्रं तिकडे किती छापली गेली, कोणाकोणाच्या भिंतीवर लागली, मला काय ठाऊक? किती परके पुरुष रोज तिच्या तोंडाकडे बघत असतील…

जोडे गेले. ती गेली नाही.

हुंदके मात्र थांबले. ते असते तर बरं असतं.

दादाचं छान चाललंय. अंगावर मांस चढलंय, रात्री गाढ झोपतो म्हणे. ईस्टरला येतो, गोड पाव आणतो, पण उंबरा ओलांडत नाही. परवाच आला होता.

"अजून… आहे का?" त्यानं हळूच विचारलं.

"आहे."

"माझं काही… नाव वगैरे?"

"नाही. तुझं नाव घेत नाही."

त्यानं सुस्कारा सोडला. मला जपून राहायला सांगितलं आणि शीळ घालत उतार उतरून गेला. मला त्याचा राग येतो असंही आता म्हणवत नाही. राग आपल्या माणसाचा येतो.

मी दार लावून वर गेले. दुपार होती. बैठकीसमोर बसले आणि रोजच्यासारखं म्हटलं, हानिम, मलाही त्यानंच फसवलं. तुम्हाला फसवलं तसंच.

कान देऊन बसले.

ती उत्तर देत नाही… आणि उठून जातही नाही.